विणकराचे मृत्युपत्र

मरताना बरोबर काही येत नाही, हे आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातली धार बोथट झाली आहे. ठीक आहे, येत नाही. पण मग जे मागे राहणार त्याची चिंता मरणाऱ्याने करावी की नाही? की ती चिंता म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत न सुटलेली ममताच? या प्रश्नावर इंग्लंडच्या खेड्यांतील जुन्या विणकरांची मृत्युपत्रे बराच प्रकाश पाडतात. मुलूख परका म्हणून वाचकांनी दचकू नये. प्रपंच सगळीकडे सारखाच.

सोळाव्या ते अठराव्या शतकात तिकडे मृत्युपत्राचा आरंभ देवाच्या नावाने होई. पहिले देणे आत्म्याचे, ते देवाला. दुसरे देहाचे, ते चर्चच्या आवारातल्या मातीला. त्यानंतर गाद्या, भांडी, माग. शिवाय १५२९ च्या कायद्याने मृताच्या जंगम मालाची यादी करावी लागे. बहुधा शेजारचेच दोनचार जण घरात येत, खोल्याखोल्यांतून फिरत आणि एकेका जिनसेची किंमत मांडीत. अंगावरचे कपडे आणि गाठीचे पैसे अगोदर. मग पितळेची पातेली, कथिलाच्या थाळ्या, लाकडी पेटी. पिसांची गादी मोठी मोलाची, म्हणून कोणती गादी कोणाला हे मृत्युपत्रात नीट सांगितलेले असे. पुढे माग, चरखा, उरलेले सूत. यॉर्कशायरात हॅलिफॅक्सकडचे विणकर थोडी शेतीही करीत, तेव्हा एखादी गाय. लोकांकडून येणे असेल तर तेही लिहीत, आणि काही याद्यांत त्याचे दोन भाग असत: वसूल होण्याची आशा असलेले आणि आशा सुटलेले! पुष्कळ याद्यांच्या शेवटी तर ‘विसरलेल्या वस्तू’ म्हणूनही थोडी रक्कम धरलेली सापडते. किती सावध माणसे बघा.

याला कोणी आसक्ती म्हणेल. मला तसे वाटत नाही. माग विकून पैसे वाटले तर चार पोरांच्या हातावर चार नाणी पडतील आणि खर्चून जातील. तोच माग धंदा शिकलेल्या मुलाला दिला तर त्याची चूल पेटती राहील. असे लिहिणाऱ्याची नजर मागावर नसते, मुलावर असते. वैराग्याच्या नावाखाली घरची निरवानिरव न करता जाणारे लोक मात्र मागच्यांना भांडणे देऊन जातात.

पण बायकोशी आले की मन अडते. तिकडच्या कायद्याने लग्न होताच बाईची जंगम चीजवस्तू नवऱ्याची होई. त्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्रही करता येत नसे. हे बदलले १८८२ च्या कायद्याने. म्हणजे माहेराहून आणलेले पातेले, बायको-लेकींनी चरख्यावर काढलेले सूत, सारे त्याच्याच यादीत. मग तो उदारपणे तिला ते पातेले ‘देतो’! आत्मा देवाचा, म्हणून देवाला परत करणाऱ्या माणसाला तिची वस्तू तिची म्हणून परत करता येत नाही. दान म्हणून द्यावी लागते.

आणखी एक. बायकोला एखादी खोली, चुलीजवळची जागा लिहून देत, पण पुष्कळदा अट अशी की ती विधवा राहील तोपर्यंतच. इथे ममता उघडी पडते, असे प्रथम वाटते. मेल्यावरही हक्क सोडवत नाही! परंतु जरा थांबावे. तिने दुसरे लग्न केले की तिच्या हाती दिलेला माल नव्या नवऱ्याचा व्हायचा आणि आधीची पोरे उघड्यावर पडायची. ही भीती खोटी नव्हती. तेव्हा मुलांची भांडी राखली यात विणकराला मी दोष देणार नाही. पण पोरांसाठी आयुष्यभर सूत कातलेल्या बाईची चुलीजवळची जागा त्याच अटीत का बांधावी? तिथे कायद्याची सबब पुरी पडत नाही.