मेहकरची 'शीळ' आणि आवाजाची शर्यत

मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताचा आरंभ बहुतेक जण तिथूनच मोजतात. पुस्तकरूपात 'शीळ' यायला 1954 उजाडलं. तोवर गाणं महाराष्ट्रभर पोचलंही होतं. या यशाचं श्रेय कवीला आणि गायकाला दिलं जातं, ते योग्यच. माझ्या मते त्यात मायक्रोफोनचाही वाटा आहे.

1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा त्या कामाशी विजेचा काही संबंध नव्हता. गायकाने भल्यामोठ्या कर्ण्यापाशी तोंड नेऊन गायचं, त्या आवाजाच्या जोराने सुई थरथरायची आणि मेणात रेघ उमटायची. हळू गायलेलं त्या रेघेत येतच नसे. रंगभूमीवरही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावाच लागे. 1925 पासून मायक्रोफोन वापरून विजेवरचं मुद्रण सुरू झालं आणि एकट्या माणसाशी बोलावं तसं गाता येऊ लागलं. लाखेच्या तबकडीची खरखर होतीच, त्यामुळे फार हळू जाता येत नसे. तरी गाण्यातल्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर वाढलं. यालाच ध्वनिमुद्रणात डायनॅमिक रेंज म्हणतात. ते अंतर हळू आवाजाच्या बाजूने वाढलं, आणि भावगीत त्याच नव्या जागेत रुजलं.

मग ही जागा आक्रसली कशी? याचं मूळ आपल्या कानात आहे. आवाज कमी असला की कानाला खर्ज आणि फार वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 साली मोजून दाखवलं. म्हणून तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की अधिक भरीव वाटतं. एकापाठोपाठ एक दोन गाणी ऐकवली तर जराशा मोठ्याला पसंती मिळते. अमेरिकेत ज्यूकबॉक्सच्या काळात कंपन्यांनी हे ओळखलं आणि आपली तबकडी शेजारच्या तबकडीपेक्षा मोठी वाजावी म्हणून त्या धडपडू लागल्या. पण तबकडीला स्वतःची मर्यादा होती. आवाज मोठा तर खाच रुंद, खाच रुंद तर मिनिटं कमी, आणि फारच ताणलं तर सुई उडायची.

1982 साली सीडी आली आणि हा लगाम सुटला. सीडीत सुमारे 96 डेसिबलची जागा आहे, लाखेच्या तबकडीने स्वप्नातही पाहिली नसेल एवढी. तिला वर एक पक्कं छत मात्र आहे, त्यापलीकडे आवाज जातच नाही. 1990च्या दशकात संगणकावरचे लिमिटर आले. लिमिटर छताला टेकणारी टोकं दाबतो, मग सगळंच वर उचलता येतं. हळू भाग मोठा होतो, मोठा भाग आहे तिथेच राहतो, अंतर संपतं. 2008 साली मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला, तेव्हा श्रोत्यांनीच तक्रार केली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती आणि तिथे ती जास्त मोकळी ऐकू येत होती.

मेहकर-शेगावच्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न मला भजनात सर्वांत जास्त जाणवतो. शेगावहून पंढरपूरला निघालेल्या पालखीसोबतचं भजन समोर उभं राहून ऐकावं. रूपाचा अभंग ठाय लयीत सुरू होतो. वीणा, एक आवाज, टाळ जेमतेम टेकवलेले. मग टाळकरी चरण उचलतात, चाल बदलते, पखवाज उघडतो आणि गजराला पोचेपर्यंत पायाखालची जमीन हलते. गजराचा परिणाम त्या संथ सुरुवातीवर उभा असतो. हेच भजन लिमिटरखाली दाबून मोबाइलवर ऐका. सुरुवातीची वीणा गजराइतकीच मोठी. पखवाजाची थाप बोथट, कारण थापेचा पहिला क्षण हेच ते टोक, जे लिमिटर आधी कापतो. टाळाचं उलट होतं. आघात दबतो, मागची झणझण वर येते आणि पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं. लोक म्हणतात, टाळ कर्कश आहेत. टाळ कर्कश नसतात, मास्टरिंग, म्हणजे मुद्रणावरचा शेवटचा हात, कर्कश असतं.

आवाज असा दाबणं, म्हणजे कम्प्रेशन, वाईटच आहे, असं माझं म्हणणं नाही. एसटीत किंवा ट्रॅक्टरवर हळू आवाज इंजिनात बुडतो, तिथे थोडं समतल करणं गरजेचं असतं. उघड्या मंडपात कीर्तनकारांचा प्रत्येक शब्द पोचवायचा तर तेही लागतं. मिरवणुकीतला डीजे हा वेगळा प्रश्न आहे. त्याला 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. तिथला आवाज बटण फिरवून कमी होतो. स्टुडिओत दाबून टाकलेलं अंतर मात्र ऐकणाऱ्याला कुठल्याही बटणाने परत मिळत नाही.

आता तर शर्यतीचं कारणच उरलेलं नाही. 2006 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारा आवाज मोजण्याची पद्धत ठरवली. 2010 मध्ये युरोपच्या प्रसारकांनी तिच्या आधारे छताच्या 23 डेसिबल खालची, म्हणजे उणे 23 ही पातळी स्वीकारली. यूट्यूब, स्पॉटिफाय गाणं सुमारे उणे 14 वर आणतात. तुम्ही उणे 8 वर दाबून पाठवलेलं गाणं ते सरळ 6 डेसिबल खाली ओढतात. मोठेपणा गेला, चेपलेपणा तेवढा राहिला. त्याच्या शेजारी उणे 14 वर मोकळं ठेवलेलं गाणं तेवढ्याच आवाजात, पण जिवंत वाजतं.

गावोगावी भजनाच्या चित्रफिती करणाऱ्या मुलांना म्हणूनच एक विनंती आहे. पुढचं भजन चढवण्याआधी लिमिटर सैल सोडा, पहिल्या अभंगाची सुरुवात हळूच राहू द्या, आणि दाबलेली व मोकळी अशा दोन्ही प्रती सारख्या पातळीवर आणून भजनी मंडळातल्या जुन्या टाळकऱ्याला ऐकवा. तो म्हणेल ती ठेवा.