एक कर, दोन जाब

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण मला भेटण्यासाठी मशिदीत थांबला. त्याला घरासाठी सीएनजीवर चालणारी मोटार घ्यायची होती. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात अशा खासगी मोटारींवरील एकरकमी कर एका टक्क्याने वाढला आहे. म्हणजे किमतीच्या प्रत्येक लाखामागे हजार रुपये अधिक. कर कमी असलेल्या दुसऱ्या राज्यात नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी कर, असा सल्ला त्याला कोणीतरी दिला होता. "मौलाना, यात गुनाह आहे का?" त्याने विचारले. मी काही बोलण्याआधी तोच पुढे म्हणाला, "आणि रस्ते तरी कुठे धड आहेत?"

त्याचे दुसरे वाक्य हे पहिल्या प्रश्नाला त्याने स्वतःच दिलेले उत्तर होते. सरकार आपले काम करीत नाही, तेव्हा आपणही आपले देणे का द्यावे, हा विचार आपल्या अनेक घरांत सहज बोलला जातो. म्हणून तो शरीअतच्या प्रकाशात तपासून पाहणे आवश्यक आहे.

जकातशिवाय राज्याने काही मागणे हाच अन्याय, असे काही बंधू मानतात. जुलमी वसुलीची इस्लामने कठोर निंदा केली आहे, हे खरेच. परंतु प्रत्येक कर जुलमी नसतो. इमाम मरगिनानी (रह.) यांचा 'हिदाया' हा हनफी फिकहचा ग्रंथ आजही मदरशांत शिकविला जातो. त्यातील जामीनकीच्या प्रकरणात लोकांवर बसविलेल्या देण्यांची चर्चा येते. सामाईक कालवा उपसणे, वस्तीच्या पहारेकऱ्याचे वेतन, अशा कामांसाठीची देणी तेथे न्याय्य मानली आहेत आणि अन्यायाने लादलेली देणी त्यांपासून वेगळी काढली आहेत. कालव्याच्या जागी रस्ता ठेवून पाहा. तत्त्व तेच राहते. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा भारही सर्वांनी उचलावा.

कुरआनच्या सूरह कहफमध्ये जुलकरनैन यांचा वृत्तान्त आहे. याजूज-माजूजच्या उपद्रवाने त्रासलेल्या लोकांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: आम्ही तुम्हांस कर देतो, तुम्ही आमच्यासाठी बांध घाला. जुलकरनैन यांनी धन घेतले नाही. अल्लाहने दिलेले त्यांना पुरेसे होते. मात्र लोकांकडून श्रमाचे साहाय्य त्यांनी मागितले आणि बांध उभा केला. सामर्थ्यवान सत्ताधीशाने गरजेहून अधिक घेतले नाही, आणि लोकांनीही हात झाडून बाजूला उभे राहणे पत्करले नाही. दोन्ही बाजूंनी आपला वाटा उचलला, तेव्हा बांध पुरा झाला.

सत्ताधीशाचा वाटा कोणता, याविषयी उलमांनी मौन पाळलेले नाही. इ.स. १२६० च्या सुमारास मंगोल सेना इजिप्तच्या दारात येऊन ठेपली असता सुलतान कुतुज यांना युद्धासाठी प्रजेवर कर बसवावयाचा होता. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी अट घातली: आधी खजिना रिकामा होऊ द्या, अमीरांच्या अंगावरील सोने-नाणे विकले जाऊ द्या, नंतरच सामान्य माणसाच्या पैशाकडे पाहा. एवढ्या संकटातही ही अट शिथिल झाली नाही.

या कसोटीवर आपला वाहन कर पाहू. बोलीभाषेत आपण त्याला 'रोड टॅक्स' म्हणतो. पण तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तेथून तो रस्त्यावरच खर्च होईल, असे हे नाव कोणालाही बांधून ठेवीत नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर अधिभार घेऊन रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस केली होती आणि १९२९ साली तसा केंद्रीय निधी उभाही राहिला. रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा रस्त्यासाठी वेगळा राखावा, हा विचार म्हणजे अमानतचाच विचार होय. रस्त्यांसाठी म्हणून कर वाढवायचा, तर त्याचा हिशोबही वेगळा दिसला पाहिजे.

दुसरी कसोटी न्यायाची. याच वेळी राज्याने महागड्या मोटारींवरील कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली, हे योग्य झाले. तरी एका किमतीपुढे श्रीमंताचा कर थांबतो. दुचाकी घेणाऱ्या मजुराला मात्र किमतीचा सुमारे दहावा भाग पूर्णपणे द्यावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या दुचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले. जुनी वाहने कमी व्हावीत हा त्यामागचा हेतू. परंतु जुनी दुचाकी हौसेने कोण चालवितो? माझी स्वतःची स्कूटर त्याच वयाची आहे. तेव्हा या बाबतीत मी तटस्थ आहे, असे म्हणण्याचे धाडस करीत नाही.

मग या अटी पूर्ण होत नसतील, तर कर चुकवावा काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना सांगून ठेवले होते की, पुढे सत्ताधारी स्वतःलाच झुकते माप देतील, तेव्हा तुमच्याकडे असलेला हक्क तुम्ही अदा करा आणि तुमचा हक्क अल्लाहकडे मागा. येथे दोन जाब वेगळे केले आहेत. त्यांच्या खियानतचा जाब त्यांना द्यावा लागेल. त्यामुळे आपला जाब माफ होत नाही. पण याचा अर्थ मुकाट्याने सोसणे नव्हे. अन्यायी सत्तेपुढे सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद, हीही त्यांचीच शिकवण आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हिशोब विचारण्याचा मार्ग आपल्या हाती दिला आहे. आपल्यापैकी कितीजण तो चोखाळतात?

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले: कायद्यानुसार वाहनाची नोंदणी मालक जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाते, तेथेच व्हावयास हवी. तू दुसरा पत्ता लिहिशील तेव्हा हजारो रुपये वाचतील. परंतु एका असत्याखाली तुझी सही राहील. ती मोटार घरी येईल, तुझी मुले तीत बसतील आणि वडिलांनी पैसे कसे वाचविले, हेही ऐकतील. शिवाय तू न दिलेला वाटा सरकारच्या खिशातून जात नाही. जो शेजारी निमूटपणे भरतो, त्याच्यावर तो चढतो. आणि खड्ड्यात पडतो तो बहुधा दुचाकीवरचा गरीबच.

इराकच्या भूमीत एखादे खेचर ठेचाळले तरी त्याच्यासाठी रस्ता समतल का केला नाहीस, असे अल्लाह आपणास विचारील, याचे भय हजरत उमर (रजि.) यांना वाटत असे, असे सांगतात. आणि वाटेतील अपायकारक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) आपणा सर्वांना शिकविले. पहिले भय राज्यकर्त्यांचे, दुसरे काम आपले. अल्लाह त्यांना ते भय देवो आणि आपणांस आपला वाटा स्वच्छ हातांनी देण्याची तौफीक देवो. आमीन.