बोलू द्या



कपाशीवर बोंडअळी पडली, की अकोला-अमरावतीकडच्या पारावर तिची मोकळी चर्चा होते. झोप उडाली, छातीत धडधडतं, कर्जाची लाज वाटते, हे मात्र कोणी सांगत नाही. चुकून कोणी बोललंच, तर आपण लगेच म्हणतो, "मन घट्ट कर." अहो, त्याला बोलू द्या.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'संगाथ' संस्थेचा 'विश्राम' उपक्रम झाला. स्थानिक माणसांनाच समुपदेशन शिकवलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत सहापट झालं. मला वाटतं, बोलायचं होतंच. विचारणारं कोणी नव्हतं.

चांगला समुपदेशक उपदेश करत नाही. घाईही करत नाही. जुना घाव, भीती, लाज, जे असेल ते माणूस आपल्या शब्दांत मांडतो. हळूहळू ते सोसण्याजोगं होतं. कधी डॉक्टरही लागतात. त्यात कमीपणा कसला?

आज घरात कोणी गप्प असेल, तर जवळ बसा. सल्ला राहू द्या. त्याला बोलू द्या. तिला बोलू द्या. आणि आपल्याच्यानं निभत नसेल, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं.