घासलेला आरसा आणि उसना रंग

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या आरपार बोगद्यातून खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि पुढच्या टप्प्यांची कामं उरकून अखेर वाशिष्ठी नदीला मिळतं. 1962 पासून इथे निर्माण होणारी वीज देशातल्या बाकी विजेसारखीच सेकंदाला 50 आवर्तनं घेते. घरात बसून भजन किंवा जाखडीचं गीत रेकॉर्ड करणाऱ्याला ती वीज ऐकूही येते. चार्जर लावलेला लॅपटॉप, स्वस्तातला माइक, भिंतीतली जुनी वायर, आणि गाण्याच्या तळाशी एक भुणभुण बसते: 50 हर्ट्झ, तिच्या पटीत 100, मग 150. भजनाच्या बुवांनी काळी एकमध्ये सा लावला असेल, तर तो सुमारे 139 हर्ट्झचा आणि त्यांचा कोमल रिषभ 148 च्या आसपास. म्हणजे विजेची तिसरी पट कोमल रिषभाला जवळजवळ चिकटून उभी. ती काढायला जी पट्टी कापाल तिच्यात रिषभाचा थोडा गर जाणारच. गळ्यावर चढलेला मळ कुठे संपतो आणि गळा कुठे सुरू होतो, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहतो. तो तंत्राचा वाटतो, पण गाणं देवापुढे म्हणायचं असेल तर तो तंत्रापुरता राहत नाही.

यंत्राने घासूनपुसून काढलेला आवाज गाणाऱ्याचा राहतो का, आणि तो देवाला वाहता येतो का? याचं चटकन सुचणारं उत्तर म्हणजे नैसर्गिक ते खरं, कृत्रिम ते खोटं. ते टिकत नाही. माइक लावला त्या क्षणीच कृत्रिमता आली. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवायचा की चार बोटं जवळ, यावर आवाजाचा खर्ज बदलतो. यात नैसर्गिक अंतर कोणतं? शिवाय आपल्या परंपरेने कच्च्या आवाजाचं कौतुक कधीच केलेलं नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजाच्या, सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे 25 दोष मोजून ठेवले आहेत. दात आवळून गाणारा, सू-सू आवाज काढणारा, कावळ्यासारखा कर्कश, तालाबाहेर जाणारा, वर्ज्य स्वर लावणारा, नाकात गाणारा, भ्यालेला, लक्ष नसलेला. कोकणच्या कोणत्याही मंडळातल्या जाणत्या बुवाला ही यादी दाखवावी, त्याला प्रत्येक दोषासाठी एकेक ओळखीचा माणूस आठवेल. दोष काढायचे असतात यावर आपल्याकडे कधी दुमत नव्हतं. ते कोणी काढायचे आणि काढल्याचा परिणाम कुठे उरायचा, एवढाच वाद आहे.

या वादाला लागणारे शब्द आपल्या दर्शनांत तयार आहेत. ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात, चौथ्या सूत्रापाशी, शंकराचार्य मोक्षाची चर्चा करताना सांगतात की संस्कार दोन प्रकारे होतो: गुणाधान, म्हणजे नसलेला गुण आणून ठेवणं, आणि दोषापनयन, म्हणजे असलेला दोष दूर करणं. तिथे पूर्वपक्ष आरशाचा दाखला देतो. आरसा घासला की त्याची मुळातलीच चकाकी प्रकट होते, तसा मोक्ष का नसावा? तेव्हाचा आरसा धातूचा, राखेने घासायचा, हे लक्षात घेतलं की दाखला नीट उमगतो. आचार्य तो आत्म्यापुरता नाकारतात, कारण आत्म्यावर कुठलीच क्रिया होऊ शकत नाही. पण गळा म्हणजे आत्मा नव्हे. तो शरीराचा आहे, पडशाने बसतो, चहाने मोकळा होतो. म्हणून आत्म्याला न लागू पडणारा तो दाखला गळ्याला मात्र चपखल लागू पडतो. आवाजावर संस्कार होऊ शकतो आणि करावा. विजेची भुणभुण काढणं, पंख्याची घरघर काढणं, 'स' आणि 'श'ची टोचणी बोथट करणं, जोरात आलेला एखादा शब्द खाली घेणं, हे सगळं आरसा घासणं आहे. मिक्सिंग करणारे कारागीर 'वाढवण्याआधी कापा' असं एकमेकांना बजावतात, तेव्हा नकळत ते दोषापनयनाला पहिलं पान देत असतात.

गुणाधानाचं प्रकरण थोडं नाजूक, पण मला त्यातही पाप दिसत नाही. चादरी टांगलेल्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या कोरड्या आवाजाला सभामंडपाचा घुमारा दिला, तर नसलेली जागा आणली हे खरं. मीमांसकांची साळही शिंपडलेल्या पाण्याने यज्ञाला योग्य होते. पाणी बाहेरचं, पण साळ साळच राहते. घुमारा आवाजाभोवती राहतो, आवाजाच्या जागी बसत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तो वेगळा कळतो.

अडचण तिसऱ्या प्रकारात आहे, आणि त्याला वेदान्तात संस्कार म्हणत नाहीत, अध्यास म्हणतात. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. रंग फुलाचा, नाव स्फटिकाचं. सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून 1997 मध्ये आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलशोधासाठी जमिनीत सोडलेल्या कंपनांचे पडसाद वाचण्याच्या कामात होते. (11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप ज्यांच्या घरांत अजून सांगितला जातो, त्या कोयनेच्या खोऱ्यालगत हा तपशील जरा वेगळाच ऐकू येतो.) हे यंत्र गाणाऱ्याचा स्वर मोजतं आणि जवळच्या ठरावीक स्वरावर ओढून नेतं. एक उदाहरण जवळून पाहू. भजनात गंधार लावताना गवई तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार शोधतो. पियानोच्या मापाने कापलेला गंधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. यंत्र मूळच्या मापावर सोडलं तर ते बरोबर लागलेला गंधार चूक ठरवतं आणि उचलून 'सुधारतं'. गती फार वाढवली तर रिषभावरून गंधारावर जाणारी मींड पायऱ्यांसारखी तुटते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय पक्का गळा आहे! पक्केपणा यंत्राचा, नाव बुवांचं. स्फटिक लाल दिसला.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: हार्मोनियमही त्याच मापाची आहे, ती प्रत्येक भजनी मंडळात वाजते, मग यंत्रावरच राग का? आक्षेप जुना आणि दमदार आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं ते याच खटक्यातून, आणि आकाशवाणीने 1940 पासून तीन दशकं पेटीला दारं बंद ठेवली तीही काहीशी यामुळेच. पण पेटी गळ्याच्या शेजारी बसते. ती चढा गंधार देते, गाणारा किंचित खाली राहतो, आणि त्या ओढाताणीतच चांगल्या बुवाचा कान कळतो. यंत्र गळ्याच्या आत जाऊन बसतं. शेजाऱ्याशी मतभेद असू शकतो, तो आपल्याच तोंडाने बोलू लागला तर मतभेदाला जागाच राहत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. मुंबईच्या स्टुडिओतला गायक चकचकीत आवाज घेऊन बाजारात येतो, आणि चाकरमान्यांच्या फोनवर तो आवाज आणि चिपळूण-गुहागरकडच्या एखाद्या घरातलं गीत एकापाठोपाठ वाजतं. गावच्या माणसाने मात्र खडबडीतच राहावं, हा न्याय कुठला? खडबडीतपणात खरेपणा पाहणारी नजर बहुतेक वेळा शहरातली असते. अमेरिकेत हेच घडलं. 1927 मध्ये राल्फ पीअर यांनी ब्रिस्टल गावी डोंगरी कुटुंबांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि कंपन्यांनी ते 'हिलबिली' म्हणून विकले. खेडवळपणा हाच माल झाला. तीस वर्षांनी नॅशविलच्या निर्मात्यांनी त्याच कंट्री गाण्यांवर व्हायोलिनांचा आणि कोरसचा मुलामा चढवला, तेव्हा आत्मा गेला म्हणून ओरड झाली. दोन्ही वेळा निवड गाणाऱ्याची नव्हती. तेव्हा पोफळीच्या गायकाला चमक नाकारणं हे मी साफ अमान्य करतो. फक्त त्याला जे मिळतं ते मुंबईच्या गायकाला मिळतं तेच नाही. तिथे एक ओळ वीस वेळा गायला वेळ मिळतो, समोर 'पुन्हा' म्हणणारा कान असतो. घरी मिळतं ते एक बटण. विसाव्यांदा गाणं आणि बटण यांचं फळ फायलीत सारखं दिसेल, पण विसाव्यांदा गाणारा माणूस पहिल्यांदा गाणाऱ्यासारखा उरलेला नसतो. नैयायिक भावना नावाचा संस्कार मानतात, अनुभवाने मागे राहणारी खूण, आणि तिचं ठिकाण आत्मा. रियाजाचा संस्कार गाणाऱ्यात बसतो. बटणाचा संस्कार फायलीत बसतो, आणि शिमग्यात पालखीपुढे उभं राहिलं की फाईल घरीच राहते.

तिसरा आक्षेप भाविकाचा. देवाला सूर लागत नाही, भाव लागतो; मग सूर यंत्राचा की गळ्याचा, काय फरक? मला वाटतं हा आक्षेप स्वतःच्याच पायात अडकतो. सूर बिनमहत्त्वाचा असेल तर दुरुस्तीही बिनमहत्त्वाची, मग ती करायचीच कशाला? ती केली जाते ती माणसांसाठी, हे मान्य करून पुढे बोलावं. वाहण्याच्या बाबतीत आपला रिवाज साधा आहे: परडीत परसातली फुलं चालतात, विकतची चालतात, पण शेजाऱ्याच्या झाडाची न विचारता तोडलेली चालत नाहीत. प्रश्न फुलाच्या सौंदर्याचा नसून ते वाहणाऱ्याचं आहे का याचा असतो. शिवाय सामुदायिक भजनाची बांधणीच चुका सामावून घेणारी आहे. मागे झील धरणारे दहा-बारा गळे एकमेकांपासून किंचित हललेले असतात, आणि त्या हलण्यातूनच आवाजाला जाडी येते. 1966 मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी एकाच आवाजाची किंचित सरकवलेली प्रत काढणारी युक्ती बसवली, ती हीच जाडी एकट्याला मिळावी म्हणून. घरात हेडफोन लावून एकटा गाणारा त्या झिलेला मुकलेला असतो. त्याला सुधारण्याआधी त्याच्या मागे चार गळे उभे करता येतात का, हे कुणी विचारत नाही.

तरीही कबूल करायला हवं की मुंबईत बसलेला कुणी दुरुस्त केलेला आवाज ऐकून गहिवरला, तर ते अश्रू खोटे नाहीत. दोरीवरच्या सापाला भिऊन आलेला घाम खराच असतो. ऐकणाऱ्याच्या भावाला यंत्र बाधत नाही. बाधतं ते गाणाऱ्याच्या दाव्याला, आणि तिथे शार्ङ्गदेवाची यादी पुन्हा उघडावी. सू-सू काढता येते, ताल सरळ करता येतो, वर्ज्य स्वर ओढून घेता येतो. भ्यालेला आणि लक्ष नसलेला हे दोन दोष मात्र कुठल्याच पट्टीवर दिसत नाहीत. सूर नेमका केला की ते झाकले तेवढे जातात. याच ग्रंथात 'शारीर' नावाचा गुण सांगितला आहे: सरावाशिवायही राग प्रकट करण्याची, शरीराबरोबरच आलेली आवाजाची शक्ती. दुरुस्तीत पहिल्यांदा जातं ते हेच, कारण यंत्राच्या मापात त्याला खूण नाही.

एक प्रसंग असा आहे की जिथे माझं हे वर्गीकरण मलाच अडवतं. बुवा गेलेले आहेत. त्यांच्या आवाजाची एकच फाईल घरच्यांपाशी उरली आहे, पावसात पत्र्याखाली फोनवर घेतलेली. पुन्हा गायला माणूस नाही, होकार द्यायलाही नाही, म्हणून सुराला हात लावायचा प्रश्नच मिटतो. उरतं फक्त दोषापनयन. 50 काढा, 100 काढा. पत्र्यावरचा पाऊस जपून काढा, कारण तो सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो आणि फार ओरबाडला तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मग 150 शी या. तिथे बुवांचा कोमल रिषभ उभा आहे, विजेला खेटून, आणि कात्री कितीही बारीक घेतली तरी ती दोघांनाही लागते. मी असतो तर तिथे वीज राहू दिली असती.