उपकारस्मरण : साधकाचे नित्यकर्म

'कृतज्ञ' या शब्दाची फोड 'कृत' आणि 'ज्ञ' अशी होते. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा, तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता ही प्रथमतः भावना नसून ज्ञान आहे. भावना प्रसंगाने उचंबळते आणि प्रसंगाबरोबर ओसरते. ज्ञान मात्र पुनःपुन्हा आठवून दृढ करावे लागते, अन्यथा ते पुसले जाते. म्हणून उपकारस्मरण हे केवळ पर्वकाळाचे कर्म नव्हे. ते नित्यकर्म होय.

जीवाचा स्वभाव याच्या उलट आहे. अनादी अविद्येने वेढलेला जीव मिळालेले विसरतो आणि न मिळालेले मोजीत बसतो. पायात रुतलेला काटा दिवसभर आठवतो. ज्या पायांनी जन्मभर वाट चालविली त्यांची आठवण होत नाही. एके दिवशी भाजी अळणी झाली तर ती महिनाभर बोलून दाखविली जाते. वर्षभर वेळेवर वाढलेल्या अन्नाविषयी शब्द निघत नाही. लौकिकात ही स्थिती, तर ज्या परमेश्वराने केवळ कृपेने अवतार स्वीकारून जीवाला ज्ञान दिले, त्याच्या उपकाराचा विसर पडावा यात नवल ते काय?

या विसरावर पूर्वजांनी कोणता उपाय योजिला? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर श्रीनागदेवाचार्य आणि अन्य भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात राहिले. पुढे तेही सन्निधान अंतरले. त्या विरहकाळात भटोबास स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असत. ते कशाचे मनन करतात, हे म्हाइंभटांनी जाणून घेतले आणि हे स्मरण एकट्याचे राहू नये, ते पुढीलांच्या हाती पडावे, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हाइंभट हे मोठे विद्वान. पण या कार्यात त्यांनी आपली विद्वत्ता मिरविली नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले, ज्यांनी त्यांचे शब्द कानांनी ऐकिले, त्यांच्याकडे ते गेले, त्यांच्याकडून ऐकिले आणि भटोबासांकडून पारखून घेतले. १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात असे 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धाडीत मूळ पोथी हरपली, तेव्हा भक्तांच्या स्मरणातूनच ग्रंथ पुन्हा उभा राहिला. ज्यांचे स्मरण नित्य होते, त्यांच्यापाशीच तो शिल्लक होता. नित्यतेचे महत्त्व याहून अधिक कोणत्या प्रमाणाने सांगावे?

या इतिहासात कृतज्ञतेचे लक्षणही सापडते. लीळेला स्थान असते, व्यक्ती असते, बोललेला शब्द असतो. 'स्वामींनी पुष्कळ उपकार केले' एवढ्या मोघम वाक्यावर कोणी समाधान मानिले नाही. कोणत्या गावी, कोणापाशी, काय घडले, हे शोधून ठेविले. मोघम आभार जिभेवर राहतात. विशिष्ट उपकार अंतःकरणात उतरतो. म्हणून साधकाने 'सर्वांचे उपकार' असे म्हणून मोकळे होऊ नये. आज, अमुक एकाने, माझ्यासाठी, हे केले, असे नेमके आठवावे.

येथे एक शंका उपस्थित होते. ज्या धर्मात संबंध तोडावयास सांगितले, ममत्व दोष मानिले, तेथे माणसांच्या उपकाराची आठवण कशासाठी? ती आसक्तीला वाट देणार नाही काय? शंका योग्य आहे. पण दोन्ही गोष्टी भिन्न आहेत. आसक्ती म्हणते, 'हे माझे आहे, ते माझ्यापाशीच राहावे.' कृतज्ञता म्हणते, 'हे माझे नव्हते, तरीही मला मिळाले.' पहिलीने अहंकार वाढतो, दुसरीने तो झिजतो. उपकार विसरलेला मनुष्य विरक्त होत नाही. तो केवळ कोरडा होतो. हा कोरडेपणा वैराग्याच्या वेषात वावरतो, म्हणून विशेष घातक.

आता आचरण. पहाटे उठल्यावर नामस्मरणासमवेत एक लीळा आदिपासून अंतापर्यंत आठवावी. दहा लीळा धावत आठवण्यापेक्षा एकच सावकाश आठवावी. भोजनसमयी भिक्षूने पात्रातील अन्नाची निंदाही करू नये आणि दात्याची स्तुतीही करू नये; पण दाराशी आलेल्यास कोणी आपल्या घासातला घास दिला, हे जाणावे. त्याची फेड गोड बोलण्याने होत नाही, शुद्ध आचाराने होते. वासनिकाने पेरणाऱ्याचे, राबणाऱ्याचे, रांधणाऱ्या माउलीचे श्रम आठवावे आणि जी घरातच आहे तिला ते बोलूनही दाखवावे. रात्री निजताना कोणाकडून काय घेतले आणि त्याचे काय केले, एवढे पाहावे.

दुःखाच्या दिवशी काय करावे? दुःखाला सुख म्हणण्याची आज्ञा कोणीच केलेली नाही. भटोबासांचे स्मरण विरहातच चालले होते, हे ध्यानात असावे. डोळे भरलेले असतानाही स्मरण होते. किंबहुना तेव्हाच ते खरे ठरते.

दोन गोष्टी मात्र टाळाव्या. उपकाराचा हिशेब मांडून परतफेडीने मोकळे होऊ पाहणे, ही एक; आणि आपण केलेल्याची आठवण दुसऱ्याने ठेवावी अशी इच्छा धरणे, ही दुसरी. परमेश्वराच्या उपकाराची परतफेड जीवाकडून होणारी नाही. तो आठवून त्याप्रमाणे वागणे एवढेच जीवाच्या हाती आहे.

कित्येक आश्रमांत एखादा वृद्ध साधू असतो. तरुणपणी त्याने अनेकांकडून सूत्रपाठ मुखोद्गत करून घेतलेला असतो; आता दृष्टी मंदावली आहे, श्रवण मंदावले आहे. त्याचे विद्यार्थी स्थानांना नमस्कार करण्यासाठी दूर दूर जातात आणि त्याच्या खोलीवरून पुढे निघून जातात. त्यांपैकी एकाने आज संध्याकाळी त्याच्याजवळ घटकाभर बसून, त्यानेच शिकविलेले एक प्रकरण त्याला मोठ्याने म्हणून दाखवावे. मध्ये कोठे चुकल्यास तो सुधारील. त्या सुधारण्यातून त्याला कळेल की दिलेले वाया गेले नाही. आणि शिष्याला कळेल की घेणे अजून संपलेले नाही. उपकारस्मरणाचा आरंभ यासारख्या ठिकाणापासून करावा.