आता ह्या वयात चेहरा कशाला?



सेवेनिमित्त घरोघरी जाताना एक वाक्य बऱ्याचदा कानावर येतं. "आता ह्या वयात कशाला ओ एवढं ऑपरेशन? देह काय, एक दिवस जायचाच!" मोतीबिंदूच्या वेळी असं कुणी म्हणत नाही. पण तोंडाच्या कॅन्सरमुळे जबडा किंवा गाल काढावा लागला आणि डॉक्टर म्हणाले, "तो पुन्हा तयार करता येईल," की हा प्रश्न हमखास येतो. जणू म्हाताऱ्या माणसाचा चेहरा म्हणजे नट्टापट्टाच.

आपला निपाणी भाग तंबाखूचा. कित्येक आज्ज्यांना मिश्रीची सवय लहानपणापासूनची. त्यामुळे हा विषय आपल्याला लांबचा नाही.

ह्या ऑपरेशनात करतात काय? जबड्याचं हाड काढावं लागलं तर पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड घेऊन नवा जबडा करतात. हाताची नाहीतर छातीची कातडी घेऊन गाल भरून काढतात. ओठ मिटावेत, लाळ गळू नये, पेज गिळता यावी, बोललेलं समोरच्याला कळावं, यासाठी ही सगळी खटपट असते.

ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. गालाच्या कातडीने नाक तयार करण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. आणि १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडची एक हकीकत चित्रासकट छापून आली. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने मेणाचा नमुना करून, तेवढ्याच मापाची कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिलं. ते वाचून इंग्रज डॉक्टर ही रीत शिकले. कपाळाच्या कातडीने नाक करण्याची पद्धत आजही वापरतात.

नाकाशिवाय माणूस जगतो. तरी कावसजी त्या दुखण्याला तयार झाला. आपल्या भाषेत नाक कापणं म्हणजे अब्रू जाणं, यातच सगळं आलं. चार माणसांत बसायला चेहरा लागतो. सत्तर वर्षांच्या आज्जीलाही लागतो. तो गेला की ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवते, भजनाला येणं बंद करते. मग आपण म्हणतो, "वयामुळे विरक्त झाल्या."

देह नश्वर आहे, हे खरंच. पण हे ज्याने त्याने आपल्या देहाबद्दल म्हणायचं. दुसऱ्याच्या देहाबद्दल आपण म्हटलं, तर ते वैराग्य होत नाही, आपली सुटका होते. दवाखान्याचे हेलपाटे, पैसे, रात्रीचं जागरण, हे सगळं वाचतं ना!

दुसरी बाजूही आहे. म्हातारपणी लांबलेली भूल सोसत नाही, साखर असली तर जखम लवकर भरत नाही. म्हणून डॉक्टर नुसतं वय न बघता हृदय, फुप्फुस, साखर बघतात. कधी छोटं ऑपरेशन सुचवतात, कधी नकोच म्हणतात. आणि आज्जी स्वतः सगळं समजून "नको बाळा" म्हणाली, तर तोही मान राखायला हवा. तिच्या नकाराला मी वैराग्य म्हणेन.

पण तिला विचारलं कुणी? मुलगा, जावई, भाऊबंद बाहेरच्या खोलीत ठरवतात आणि जिचा चेहरा आहे ती आत पडलेली असते. बोलता येत नसेल तर पाटी-पेन्सिल द्या, मान हलवून उत्तर घ्या. पैशांची अडचण असेल तर तीही तिला खरी सांगा. तिने घर चालवलंय, तिला कळतं.

आपल्या घरात अशी वेळ आलीच, तर आधी तिच्याजवळ बसूया. "तुम्हाला काय वाटतं?" एवढं विचारूया, आणि उत्तर येईपर्यंत थांबूया.

सर्वांचं कल्याण होवो.