सरदाराने नाकारलेले नाव

"सूर गोड लागले म्हणजे झाले, कर्ता कोण, ही चौकशी दप्तरातल्या कारकुनांनी करावी," असे आमचे एक संगीतप्रेमी स्नेही परवा म्हणाले, आणि ते वाक्य मला तेव्हापासून टोचते आहे. तबकडी चालू होती ती 'कन्चेर्ती आर्मोनिची' या सहा रचनांची. त्यांचा कर्ता उनिको विल्हेल्म व्हान वासेनार (१६९२–१७६६) हा डच सरदार, हे १९८० च्या सुमारास संगीत-संशोधक आल्बर्ट डनिंग यांना ट्विकेलच्या गढीतील हस्तलिखितावरून उमगले, ते अशा कारकुनीच्याच जोरावर.

१७४० साली हेग येथे या रचना छापल्या गेल्या, तेव्हा त्यांवर व्हायोलिनवादक रिच्चोत्तीचे नाव झळकले. आपले नाव कोठेही येऊ नये, अशी सरदारसाहेबांची अटच होती. याला विनय म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. नाव नसणे निराळे आणि नाव लपवणे निराळे. जात्यावर ओवी रचणारीला तिचे नाव कोणी विचारलेच नाही. सरदाराला मात्र ते इतके भारी होते की छापील स्वरलिपीवर उमटणे कमीपणाचे वाटावे. खानदानीपणाचा हा सार्वत्रिक धर्म म्हणावा, तर आपल्याकडे वाजिद अली शाहाने, साक्षात अवधच्या नवाबाने, ठुमरीत 'अख्तरपिया' ही मुद्रा घालताना किंचितही संकोच केला नाही.

परंतु ट्विकेलच्या त्याच हस्तलिखितात वासेनारने स्वतःच्या रचनांवर शेरा मारला आहे: काही बऱ्या, काही मध्यम, काही अगदीच टाकाऊ. कुलाभिमानी माणूस स्वतःच्या कृतीची अशी झडती घेत नाही. तेव्हा केवळ मिजाशीचा आरोप मला सोडून द्यावा लागतो. त्याहून अडचणीची गोष्ट पुढेच आहे. खऱ्या कर्त्याची रिकामी राहिलेली जागा कालांतराने इटालियन संगीतकार पेर्गोलेसीच्या नावाने भरली आणि त्या विख्यात नावाच्या आश्रयाने या रचना वाजत राहिल्या. संगीतकार स्त्राविन्स्कीने १९२० च्या 'पुल्चिनेला' या बॅलेत यांतील एक तुकडा घेतला तो पेर्गोलेसीचाच समजून. म्हणजे नुसते सूर पुरेसे नव्हतेच; त्यांना नाव लागले, आणि तेही खोटे. या खोट्या श्रेयाचा निषेध करण्यासाठी मी लेखणी उचलली होती, पण ते श्रेय नसते तर ही तबकडी निघाली असती, असे छातीठोकपणे मला म्हणवत नाही.

वाचकांनी दुसऱ्या कन्चेर्तोपासून आरंभ करावा. स्त्राविन्स्कीने उचललेला तुकडा त्याच्याच शेवटी आहे.